वाळूवर रिंगण घालण्याआधी : कोकण किनाऱ्यावरील महोत्सव समित्यांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरील पर्यटन महोत्सवांच्या संयोजन समित्या, नगर परिषदा, नगर पंचायती आणि महाविद्यालयांचे फॅशन विभाग

विषय : किनाऱ्यावरच्या फॅशन शोमधली सर्कशीची मांडणी

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत महोत्सवांच्या बैठका सुरू होतात. खाद्यजत्रा, वाळूशिल्पे, नौकानयन ठरते आणि मग कुणीतरी मोबाइलवर पॅरिसचा एखादा व्हिडिओ दाखवून म्हणते, "फॅशन शो यंदा सर्कशीसारखा करू." मंडपवाल्याला फोन जातो. छतावरून कापडाला लटकणारी एक मुलगी, उंच काठ्यांवर चालणारे दोघे, एक विदूषक आणि नेहमीचा सरळ रॅम्प असा हिशेब दहा मिनिटांत होतो. आम्ही मंच उभारणी, रिगिंग (म्हणजे वर टांगण्याची जोडणी), प्रकाश आणि पोशाख ही कामे करणारी माणसे आहोत. आमची विनंती अशी की तुमची सर्कस जमिनीवरच ठेवा. ती वर टांगायचीच असेल, तर टांगण्याचा बिंदू आधी ठरवा आणि कपडे, संगीत, पाहुणे हे सगळे नंतर.

ज्या परदेशी डिझायनरांच्या शोंचे दाखले तुम्ही देता, ते जरा नीट पाहा. एल्सा स्कियापारेलीने १९३८ साली पॅरिसमध्ये सर्कशीवरचा कपड्यांचा संग्रह सादर केला, तेव्हा कलाकार तिच्या दालनांतून धावत, उड्या मारत होते. अलेक्झांडर मॅक्वीनने २००१ साली लंडनमध्ये मध्यभागी जत्रेतले फिरते घोड्यांचे चक्र ठेवले आणि मॉडेल त्याच्याभोवती फिरल्या. मारिया ग्राझिया क्युरीने जानेवारी २०१९ मध्ये दिओर या फॅशन घराण्यासाठी पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या बागेत तंबू ठोकला. तिथे 'मिम्ब्रे' या लंडनच्या संचातल्या स्त्रिया एकमेकींच्या खांद्यांवर उभ्या राहून मनोरे आणि कमानी करत होत्या आणि मॉडेल त्यांच्यामधून चालत होत्या. तिथली जादू पायांत, खांद्यांत आणि गोलाकारात होती. तिएरी म्यूग्लरचा १९९५ चा मोठा शो सर्कशीच्या इमारतीत झाला खरा, पण ती इमारत, सिर्क दिव्हेर, १८५२ पासून त्याच कामासाठी उभी आहे. तुमच्याकडे वाळू, खारा वारा आणि दोन दिवसांसाठी भाड्याने आणलेला ट्रस, म्हणजे धातूच्या नळ्यांची जाळीदार तुळई, आहे.

आणि खांद्यावर खांदा देण्याची विद्या आपल्याला पॅरिसहून आणायची गरज नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. मल्लखांब तर त्याच्याही आधीचा. गोविंदांची पथके किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहरात आहेत. हे सगळे सोडून पहिला फोन मुंबईच्या एजन्सीला का जातो, हे आम्हाला कळलेले नाही.

आधी रिंगणाची आखणी. सर्कशीच्या रिंगणाचा व्यास जगभर ४२ फूट, म्हणजे साधारण १३ मीटर असतो. अठराव्या शतकात फिलिप ॲस्टलीच्या लंडनमधल्या घोडेस्वारीच्या खेळांतून हे माप रुळले, कारण तेवढ्या वर्तुळात दौडणारा घोडा आत झुकतो आणि पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला तोल सापडतो. फॅशन शोलाही ते सोयीचे पडते. बाहेरचा सहा फुटांचा पट्टा चालण्यासाठी ठेवला, तर आत ३० फूट व्यासाची जागा कसरतीला मिळते. पट्ट्याच्या मधून एक फेरी सुमारे ११३ फुटांची होते. टाच आणि घेर सांभाळत सेकंदाला मीटरभर वेगाने चालणारी मॉडेल ती ३५ सेकंदांत पुरी करते. दर दहा सेकंदांनी एक सोडली, तर एका वेळी तीन-चार मॉडेल रिंगणात दिसतात आणि २४ पोशाखांची फेरी साडेचार मिनिटांत आटोपते. हे गणित संगीत कापण्याआधी करायचे असते. नाहीतर गाणे संपते आणि सहा जणी अजून आत असतात.

रिंगणात चालणे आणि सरळ रॅम्पवर चालणे यांत शिवणकामाचा फरक आहे, तो फॅशन विभागांनी विशेष लक्षात घ्यावा. सरळ रॅम्पवर कपडा पुढून आणि मागून दिसतो. रिंगणात तो सतत बाजूने दिसतो, म्हणजे बगलेची शिवण, लपवलेली चेन, अस्तराची कड सगळे उघडे पडते. शिवाय मागे लोळणारा घोळ वळणावर मॉडेलच्या पावलांवरून जात नाही, तो आतल्या बाजूने वाट कापतो. सहा फुटांचा घोळ ४२ फुटी रिंगणात जवळपास एक फूट आत सरकतो. म्हणून लांब घोळाच्या मॉडेलने पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने चालावे, आणि कसरतपटूंच्या जागेची सीमा पट्ट्याला चिकटवू नये. मध्ये किमान दोन फूट मोकळे हवेत. प्रेक्षक पूर्ण गोल बसवू नका. तीन बाजूंना प्रेक्षक, चौथ्या बाजूला दोन दारे : एक आत येण्याचे, एक बाहेर जाण्याचे. एकच दार ठेवले की आत येणारी नऊवारी आणि बाहेर जाणारा घागरा अंधारात एकमेकांवर चढतात.

आता जमीन. यात सगळ्यात जास्त काटकसर होते आणि सगळ्यात जास्त पाय मुरगळतात. ४२ फुटी वर्तुळाचे क्षेत्र सुमारे १,३८५ चौरस फूट. एका थराला आठ बाय चारच्या प्लायचे कागदावर ४४ ताव लागतात, पण कडेला गोल कापताना वाया जाणारे धरून ५२ मागवावेत. मंडपवाल्यांचे तयार प्लॅटफॉर्म एका थराचे असतात आणि दर चार फुटांवर त्यांचा सांधा एका रेषेत येतो. टोकदार टाचेचे टोक जेमतेम एक सेंटिमीटरचे असते. सांधा चार मिलिमीटरपेक्षा रुंद झाला की टाच अडकायला लागते. मनोऱ्याचा सगळा भार तर खालच्या दोन-तीन जोड पावलांवर येतो, तिथे एकेरी प्लाय लचकतो आणि ती लचक वरच्या माणसापर्यंत वाढत जाते. उपाय साधा आहे : १२ मिलिमीटरचे दोन थर, वरचा थर खालच्याला आडवा, सांधे एकमेकांवर न येणारे, स्क्रूची डोकी लाकडात बुडवलेली. खालच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्या दीड फुटांवर. प्रत्येक पायाखाली फूटभर चौरस फळी, कारण वाळूत नुसता लोखंडी पाय सुईसारखा जातो.

यावर दव पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास किनाऱ्यावरचे उघडे फळकूट हाताला ओले लागते. फिल्म लावलेला शटरिंग प्लाय दिसायला छान, काळा, चकचकीत, पण दवात साबणासारखा. चिकटवलेले सुईकामी कार्पेट टाचांना आणि अनवाणी पायांना दोन्हींना चालते. कुणी रंगात बारीक वाळू मिसळून घसरण थांबवतात. ती थांबतेही, मात्र शिफॉनची कड एका फेरीत कुरतडली जाते. जे काही घालाल ते शोच्या २० मिनिटे आधीपर्यंत ताडपत्रीखाली ठेवा आणि दोन माणसे कोरडे पंचे घेऊन फक्त पुसण्याच्या कामाला लावा.

जागा ठरवताना मच्छीमारांना विचारा. वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची जी वरची रेघ दिसते ती उधाणाची. रिंगण त्या रेघेच्या पुरेसे वर हवे. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तालुक्यागणिक थोडे पुढे-मागे होते, म्हणून भरतीचे छापील कोष्टकही पाहावे. समितीने शनिवार पाहून तारीख ठरवली आणि तो नेमका दशमी-एकादशीचा निघाला, तर भरती बरोबर शोच्या वेळी येते. पाणी रिंगणापर्यंत पोहोचले नाही तरी वाळूखालचा ओलावा वर चढतो आणि सकाळी घट्ट वाटलेले पाय संध्याकाळी इंचभर खचतात. पाणसळ दोनदा लावा : उभारणीनंतर एकदा आणि शोच्या तासभर आधी पुन्हा.

वाऱ्याचेही तसेच. दुपारी खारे वारे समुद्रावरून येतात, सूर्यास्ताला पडतात आणि रात्री मतलई वारे जमिनीवरून सुटतात. चार वाजताच्या तालमीत कापड ज्या बाजूला उडत होते, त्याच्या उलट बाजूला ते शोमध्ये उडते. दुपारची तालीम पाहून जे कोन आणि जे अंतर ठरवले ते सगळे फुकट. म्हणून रंगीत तालीम आदल्या रात्री, शोच्याच वेळी हवी. समित्यांना ही आमची सर्वांत महाग मागणी वाटते. आम्हाला ती सर्वांत स्वस्त वाटते.

पडदा हा या मांडणीतला खरा धोका आहे, आणि त्याकडे कुणी पाहत नाही, कारण त्याला माणूस लटकलेला नसतो. वाऱ्याचा दाब काढायचे भारतीय मानकातले सूत्र सोपे आहे : वेगाचा, मीटर प्रति सेकंदात, वर्ग करून ०.६ ने गुणायचे, उत्तर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येते. प्रायोजकांच्या नावांचा ४० बाय २० फुटांचा फ्लेक्स म्हणजे ७४ चौरस मीटरचे शीड. ताशी ३६ किलोमीटरच्या झुळकीत त्यावर सुमारे ४५० किलो जोर येतो. वारा ५४ वर गेला की तो टनभर होतो, कारण वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. हा टनभर जोर सरासरी दहा फूट उंचीवर आहे. ट्रसच्या मागे आठ फुटांवर वजन ठेवले आणि दीडपट सुरक्षितता धरली, तर पाण्याने भरलेली २०० लिटरची दहा पिंपे लागतात. आम्हाला बहुतेक ठिकाणी वाळूच्या सहा गोण्या दाखवल्या जातात. फ्लेक्सला अर्धचंद्राकृती काप दिले की काम झाले, हा समज सोडून द्या, त्याने फार फरक पडत नाही. पडदा लहान करा, नाहीतर जाळीदार कापड घ्या. जुनी मासेमारीची जाळी यासाठी फार सुंदर दिसतात, वारा आरपार जातो आणि बाजूने टाकलेला प्रकाश धाग्यांवर पकडला जातो. ती गोड्या पाण्यात दोनदा धुवा, अडकलेले गळ काढा आणि जमिनीपासून सहा इंच वर सोडा. टाच आणि काठी दोन्ही जाळ्यात अडकतात. मात्र तेच जाळे कसरतपटूंच्या खाली 'सेफ्टी नेट' म्हणून ताणू नका. सर्कशीचे जाळे चारी बाजूंनी मोजून ताणलेले असते, पडणाऱ्याला झेलून हळूहळू थांबवते. मासेमारीचे जाळे तसे ताणायला बनवलेलेच नाही.

जमिनीवर काय काय होऊ शकते? मनोरा हे पहिले. तीन थरांचा मनोरा आठ-दहा सेकंद स्थिर ठेवता येतो, त्याहून जास्त मागू नये. इथे ठेका संगीताने द्यायचा नसतो. मनोऱ्याच्या तळाच्या माणसाने हाक दिली की दारातली मॉडेल निघते, आणि ती येईपर्यंत चाल रिकामी वाजू दे. खांद्यांवर साटिन, पॉलिस्टर, अंगाला लावायची चमक आणि क्रीम यांना पूर्ण बंदी. खालच्या थराला जाड सुती सदरे आणि कमरेला घट्ट पटका, ज्याला पाऊल लावता येते. डिझायनरने हा पटकाच रंगवावा, भरतकाम करावे. नऊवारीचा काष्टा मनोऱ्यासाठी उत्तम, पाय मोकळे राहतात आणि लोंबणारे काही उरत नाही. फक्त निऱ्यांचा खोचा टाक्यांनी पक्का करून घ्यावा.

मल्लखांब रिंगणाच्या मध्यभागी अप्रतिम दिसतो. पण पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावतात, आणि ते कसरतपटूंच्या हातापायांवरून फळकुटावर, फळकुटावरून रेशमाच्या कडेवर जाते. तो डाग निघत नाही. खांबाभोवती पाच फुटांची वेगळी चटई ठेवा, उतरणाऱ्याने पाय पुसल्याशिवाय चटई सोडायची नाही. दोन्ही गोष्टी एका फेरीत मिसळण्यापेक्षा मल्लखांब आधी आणि कपडे नंतर, मध्ये पुसण्याचा एक मिनिट, हे बरे. तो मिनिट विदूषकाला द्या, त्याचे काम तेच.

उंच काठ्यांवर चालणाऱ्यांना दोन-तीन फुटांपेक्षा उंच काठ्या देऊ नयेत. वाळूवर ते चालू शकत नाहीत, म्हणजे बदलण्याच्या खोलीपासून रिंगणापर्यंत फळीची वाट हवी. तीच वाट टाचांच्या मॉडेलनाही लागते, तेव्हा ती चार फूट रुंद ठेवा. तीन फुटी काठ्या, साडेपाच फुटी माणूस आणि वर टोप धरला की उंची दहा फुटांवर जाते. दिव्यांच्या माळा मात्र नऊ-दहा फुटांवर बांधलेल्या असतात. वाटेवरची प्रत्येक वायर १४ फुटांच्या वर न्या. काठीच्या टोकाचे रबर झिजलेले असेल तर दवात तो माणूस उभाही राहू शकणार नाही.

इतके सगळे वाचूनही समितीला कुणीतरी हवेत हवेच असेल, तर पुढचे वाचा.

पहिला प्रश्न : कशाला टांगणार? सुरूच्या झाडाला नाही. किनाऱ्यावरची सुरूची मुळे वाळूत उथळ असतात आणि फांदी न कुरकुरता तुटते. माडाला नाही. बांबू आणि सुतळीच्या मंडपाला तर नाहीच. ट्रसला टांगायचे म्हटले की मंडपवाला सांगतो, "हा एक टन घेतो." विचारा, कसा घेतो? तो आकडा बहुधा संपूर्ण लांबीवर सारखा पसरलेल्या भाराचा असतो. तोच भार मधोमध एका बिंदूवर आला की तुळईला जेमतेम निम्मा झेपतो. त्यातून दिवे, वायरी, कापड यांचे वजन वजा करा. ट्रसबरोबर त्याच्या बनावटीचा भार-तक्ता नसेल, तर त्याला माणूस लावायचा नाही. तक्ता असला तरी किनाऱ्यावर राहिलेल्या ट्रसच्या पिना आणि वेल्डिंग हाताने तपासायचे. मिठाने गंज धरलेली पिन बाहेरून पांढरी दिसते आणि आतून खाल्लेली असते. आमची पसंती स्वतंत्र तिकाटीला किंवा चौपाईला आहे, साधारण सहा मीटर उंच, पाय एकमेकांना खालून बांधलेले. खालून बांधले नाहीत तर भार आला की ते फाकतात.

भार म्हणजे वजन नव्हे. ५५ किलोची मुलगी कापड गुंडाळून वर चढते आणि झपकन सुटून खाली येऊन थांबते, त्या झटक्यात टांगणीवर तिच्या वजनाच्या चौपट-पाचपट, कधी त्याहून जास्त ओढ येते. एका कलाकारासाठी आम्ही ५०० किलोचा सुरक्षित कार्यभार धरतो आणि तुटण्याचा भार त्याच्या पाचपट. हूक, शॅकल, गोल फिरणारे स्विव्हल, पट्टा, प्रत्येक तुकड्यावर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला हवा. २५ किलोन्यूटन म्हणजे सुमारे २,५५० किलो. हार्डवेअरच्या दुकानातल्या चकचकीत हुकावर आकडा नसतो, त्याला फलक टांगा. स्विव्हल गाळले की कापडाला पीळ बसतो आणि कलाकार स्वतःच्या इच्छेविरुद्ध फिरत राहते.

कापड नायलॉन ट्रायकॉटचे, म्हणजे किंचित ताणणाऱ्या विणीचे. सुरतचे जॉर्जेट रंगाला कितीही जुळले तरी नाही. सहा मीटरवर मध्य बांधला तर दोन्ही पदर जमिनीवर थोडे लोळावेत म्हणून १४ मीटर लागते. दमट, खाऱ्या हवेत त्याची पकड बदलते, दुपारी चिकट आणि रात्री निसरडे, म्हणून तालीम शोच्या वेळी हवी असे वर म्हटले ते इथेही लागू आहे. वापरानंतर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. कुठे कड उसवलेली, धागा ओढलेला दिसला तर ते कापड पडद्याला वापरा, माणसाला नाही. कापडाचा खालचा भाग धरायला एक जाणकार माणूस सतत उभा हवा, नाहीतर मतलई वारा ते उचलून थेट मॉडेलच्या वाटेवर टाकतो. बोटांची ताकद चार-पाच मिनिटांत संपते. पूर्ण फेरीभर कुणी वर हवे असेल, तर दोन कलाकार आणि दोन बिंदू घ्या.

खाली किमान २० सेंटिमीटर जाडीची गादी. "खाली वाळूच आहे की" हे वाक्य आम्ही प्रत्येक तालुक्यात ऐकतो. दाबून बसलेली ओली वाळू काँक्रीटइतकीच निर्दय असते. आणि सुटकेची योजना लिहून हवी : केस किंवा पाय कापडात अडकला तर खाली कसे आणणार? आम्ही वरचा बिंदू थेट बांधत नाही. दोर कप्पीवरून खाली आणून उतरवणीच्या साधनावर अडकवतो, म्हणजे जमिनीवरचा माणूस कलाकाराला हळूहळू सोडू शकतो. शिडी बाजूला आडवी ठेवलेली असावी, गोदामात नको.

वरच्या कलाकाराच्या पोशाखात चेन, हूक, टिकल्या, आरसे, कडक जर काहीही नको. कापड कमरेभोवती, मांड्यांवर, गुडघ्यामागे घट्ट आवळते. टिकली कापड कापते आणि चेन कातडी. चमक हवी तर खांद्यावर, गळ्याशी, डोक्यावर. पाय पूर्ण झाकलेले हवेत, घासून भाजल्यासारखे होते. ज्याला शेपूट हवी त्याने ती चुटपुट बटणांवर लावावी, तीन-चार किलोच्या ओढीला सुटली पाहिजे. मॉडेलच्या ओढणीलाही हाच नियम. गळ्याभोवती वेढा घालून पिनने पक्की केलेली ओढणी रिंगणात येऊ देऊ नका. जाता जाता, किनाऱ्यावर ऑर्गन्झा आणि कांजीची घडी तासाभरात मान टाकते. फुगवट्यासाठी कॅनकॅनचे थर वापरा, इस्त्रीवर वेळ घालवू नका.

प्रकाशाबद्दल दोन गोष्टी. वर असलेल्या कलाकाराच्या आणि मनोऱ्याच्या डोळ्यांत समोरून तीव्र झोत किंवा स्ट्रोब (भराभर लुकलुकणारा दिवा) मारायचा नाही. बाजूने आणि मागून प्रकाश द्या, आकार जास्त सुरेख दिसतो. दुसरी गोष्ट कासवांची. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडलेचा अंडी घालण्याचा काळ, म्हणजे नेमका आपला महोत्सवांचा हंगाम. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा किनाऱ्यांवर पांढरा झोत समुद्राकडे किंवा वाळूच्या पट्ट्यावर पडला तर मादी परत फिरते आणि पिल्ले पाण्याऐवजी दिव्याकडे चालतात. अशा गावांत वनविभाग आणि कासवमित्र यांना विचारल्याशिवाय तारीखच ठरवू नये. दिवे जमिनीकडे झुकवलेले, पिवळसर, कडेला झाकलेले असावेत आणि शो संपताच बंद व्हावेत. आकाशात फिरणारे झोत कुठेच नकोत. विजेसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, घ्या आणि अर्थिंगची कांब ओल लागेपर्यंत खोल ठोका. कोरड्या वाळूतले अर्थिंग नावापुरते असते.

आग नको. वाऱ्याची दिशा बदलणाऱ्या वेळेला, झापांच्या मंडपाजवळ, पॉलिस्टरच्या घागऱ्यांमध्ये मशालींचा खेळ आम्ही करणार नाही. वन्य प्राण्यांचा प्रश्नच नाही, अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळात वापरायला १९९८ पासून बंदी आहे. किनाऱ्यावर फेऱ्या मारणारा घोडा रिंगणात आणायलाही आधी रीतसर नोंदणी लागते. आणि मुले. मल्लखांबाच्या वर्गांत शाळकरी मुले जास्त असतात आणि ती फुकट येतात, म्हणून समित्या तिकडे वळतात. सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी आणली. शाळकरी मुलांनी आपल्या शिक्षकांबरोबर, दिवसाउजेडी, आपल्या गाद्यांवर मल्लखांब जरूर करावा. रात्री रॅम्पची सजावट म्हणून त्यांना टांगणे आम्ही नाकारू.

विदूषकासाठी तुमच्याकडे नमन-खेळ्यातला संकासूर आहे, सिंधुदुर्गात दशावतारी मंडळी आहेत. त्यांना बोलवायचे तर लवकर बोलवा, कारण जत्रांचा हंगाम आणि तुमचा हंगाम एकच असतो आणि जत्रेची रात्र ते तुमच्यासाठी सोडणार नाहीत, सोडूही नये. कोणते सोंग रॅम्पवर चालेल आणि कोणते देवाच्या कामाचे आहे, हे त्यांनीच ठरवायचे. फलकावर त्यांचे नाव डिझायनरच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत हवे आणि मानधन नारळ-शालीव्यतिरिक्त वेगळे.

या हंगामात ज्या समितीला आमच्यापैकी कुणाला बोलवायचे असेल, तिने शोच्या किमान सहा आठवडे आधी आम्हाला इतके पाठवावे : उधाणाची रेघ दाखवणारा जागेचा नकाशा, शोची तारीख आणि त्या दिवशीची भरतीची वेळ, पडद्याचे माप, ट्रसचा भार-तक्ता, पोशाखांची संख्या आणि त्यांतल्या लांब घोळांची मापे. आदल्या रात्रीची तालीम करारात लिहावी. रुग्णवाहिका तालमीलाही उभी असावी, पडझड तालमीत जास्त होते. वारा मोजण्याच्या यंत्रावर ताशी ३० किलोमीटर दिसले की हवेतला खेळ रद्द आणि ४० ला पडदा खाली, हा निर्णय एकाच माणसाच्या हातात असावा. तो माणूस समितीचा सदस्य, प्रायोजक किंवा निवेदक नसावा. त्याने "थांबा" म्हटले की संगीत बंद, सगळे पांढरे दिवे पूर्ण, मॉडेल आहे तिथे उभ्या, वरचा कलाकार खाली. ही कृती तालमीत दोनदा करून घ्यावी, एकदा सांगून आणि एकदा न सांगता.

रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतात, तेव्हा शो साडेसातला सुरू करा. पाहुण्यांची भाषणे शोनंतर ठेवलीत तर दोन्ही वेळेत होतील.

कळावे,
कोकण किनाऱ्यावर मंच, रिगिंग, प्रकाश आणि पोशाख यांचे काम करणारे आम्ही